रुसवा काढायला मोऱ्याला

आमच्या गल्लीत ‘नितीन सध्या काय करतो?’ हा प्रश्न मला नेहमी एका ठरावीक हसण्यासकट विचारला जातो. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. नितीन माझा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंगला म्हणून इचलकरंजीतून नवी मुंबईला गेला, चांगला पास झाला, तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि एवढं सगळं करून ड्रम वाजवतो. ‘पोराला शिकायला पाठवलं आणि ते ताशेवाला झालं,’ असं आमचे थोरले दीर एकदा भर पंगतीत म्हणाले, तेव्हापासून गल्लीनं तेच नाव धरलं. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. तिथं कादंबरी बदलायला येणाऱ्या बायकासुद्धा जाता जाता ताशेवाल्याची खुशाली विचारून जातात.

त्यामुळे गेल्या थंडीत मी नवी मुंबईला जाऊन आले, तेव्हा समुद्र कसा होता, इमारती केवढ्या होत्या, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, ‘ताशेवाल्यावर सिनेमा काढला म्हणे?’

काढला. आणि त्यात मीपण आहे. प्रत्येकीला दारात उभं राहून वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

नेरूळ

एसटीनं पहाटे वाशीला उतरवलं. नितीन न्यायला आला होता. दाढी वाढवलेली, केस माझ्यापेक्षा लांब, पण वाकून नमस्कार केला, तेव्हा मी केसांचा विषय दुपारवर ढकलला.

तो राहतो नेरूळला. तिथं गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. मारुतीची गल्ली, पिंपळाची गल्ली असं काही नाही. सेक्टर अमुक, इमारत तमुक. रस्ते एवढे रुंद की आमच्या इथले चार माग आडवे मांडून वर टेम्पो जाईल, आणि त्या रुंद रस्त्यावर माणूस शोधावं लागतं. इमारती सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या, पिवळ्या. मी पहिल्याच सकाळी कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि परत येताना शेजारच्या इमारतीत, त्याच मजल्यावर, त्याच बाजूच्या दारात शिरले. दार उघडंच होतं. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर धुवायला लागले. नळसुद्धा तसाच गळत होता. मागून एक बाई शांतपणे म्हणाली, ‘कोणत्या इमारतीतल्या तुम्ही?’ बाई बीडकडच्या होत्या. म्हणाल्या, ‘आमच्याकडे आठवड्यातून एखादं माणूस येतंच असं.’ मग त्यांनी चहा पाजला आणि मला आमच्या दारापर्यंत पोचवलं. आमच्या गल्लीत असं कुणी शिरलं असतं तर आधी आरडाओरडा झाला असता आणि चहा त्यानंतर.

दुपारी शर्वरी आली. हीच ती सिनेमा करणारी मुलगी. पंचविशीची, खिशांचं जाकीट, डोळ्याला चष्मा, मागे कॅमेऱ्याची पेटी. तिनं मला समजावलं की हा नटनट्यांचा सिनेमा नाही, माहितीपट आहे, खऱ्या माणसांचा. विषय होता नितीनचा बॅन्ड. बॅन्डचं नाव ‘भराव’. खाडीत माती टाकून हे शहर उभं केलं, म्हणून ते नाव. तिघंजण होते. ड्रमवर नितीन, बास गिटारवर वाशीत वाढलेला मल्याळी जोसेफ, आणि गाणी लिहिणारा, गाणारा, गिटार वाजवणारा हरेश कोळी, मोऱ्याचा. मोरा म्हणजे उरणजवळचं कोळ्यांचं गाव, तिथून मुंबईला लाँच सुटते.

‘काकू, हे अल्टरनेटिव्ह रॉक वाजवतात,’ शर्वरी म्हणाली. मी म्हटलं, ‘म्हणजे पर्यायी. आमच्याकडे पूल खचला की पर्यायी रस्ता काढतात, तसं.’ ती म्हणाली, ‘अगदी तसंच.’ पोरीला रागावता येत नाही, हे माझ्या तिथंच लक्षात आलं.

तिनं मला खिडकीजवळ बसवलं, पदरावर माइक लावला, नाव विचारलं. सुमन पाटील. ‘सिनेमात तुमच्या नावाखाली एक ओळ येईल. काय लिहू? ग्रंथपाल?’ मी म्हटलं, बघू नंतर. मग तिनं नितीनचं लहानपण विचारलं, आणि मी सुटलेच.

आमचं घर म्हणजे खाली माग आणि वर माणसं. आमचे हे मागांचे जॉबर. मागाची दुरुस्ती, जुळवणी सगळं त्यांच्या हातात. नितीन पाळण्यात होता तेव्हा माग बंद पडला की तो जागा व्हायचा. खटक-खट, खटक-खट चालू असलं की गाढ. तीन-चार वर्षांचा झाल्यावर पितळी डब्यांवर तोच ठेका धरायचा, आणि एकदा दुपारी तो वाजवत असताना ह्यांनी खालून ओरडून सांगितलं होतं, ‘अगं, पाचवा माग जरा लंगडतोय, ऐकलंस का?’ पाचवा माग बंद होता. पोरगा वाजवत होता. ह्यांना माणसांचं कौतुक करता येत नाही, पण ती गोष्ट ते अजून मागावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

शर्वरी खूश झाली. मग म्हणाली, ‘आता फक्त एक वाक्य हवंय काकू. नितीनचा तुम्हाला अभिमान वाटतो?’

उत्तर तोंडावर होतं. पण मी सहज विचारलं, ‘हा बॅन्ड आता कुठं वाजवतो?’ शर्वरीबरोबर आलेला जोसेफ एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

‘फुटला ना आई,’ नितीन म्हणाला. ‘दोन वर्षं झाली. फिल्म त्याच्यावरच आहे.’

एक तारीख

भांडण काय झालं ते मी त्या दुपारी खोदून काढलं. नितीन आधी ‘जाऊ दे ना, जुनं आहे’ म्हणत होता. मी कोथिंबीर निवडत बसले. कोथिंबीर निवडणाऱ्या आईसमोर फार वेळ गप्प बसता येत नाही.

एका कॅसेट कंपनीच्या माणसानं त्यांची गाणी ऐकायला मागितली होती. रेकॉर्डिंग करून द्यायचं होतं. ओळखीतून एक स्टुडिओ एक दिवसापुरता मिळाला. नितीननं दिवस पक्का केला. राखीपौर्णिमा, सुट्टी, सगळं मोकळं. त्या दिवशी हरेश आला नाही. हे दोघं दुपारपर्यंत थांबले, मग कॉलेजातल्या एका गोड गळ्याच्या मुलाला बोलावलं आणि हरेशचं गाणं त्याच्याकडून गाऊन घेतलं. पुढे कंपनीनं ती कॅसेट घेतली नाही ते नाहीच, पण वाशीतल्या एका दुकानदार मित्रानं ती दुकानाबाहेरच्या स्पीकरवर लावली आणि हरेशनं आपलं गाणं रस्त्यात उभं राहून दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं. त्यानंतर तो ह्या दोघांशी बोलला नाही.

‘पण तो आलाच नाही आई,’ नितीन म्हणाला. ‘आमी काय करणार होतो?’

‘तारीख कुणी ठरवली?’

‘मी.’

‘त्याला विचारून?’

‘राखीपौर्णिमा सगळ्यांनाच असते ना.’

‘तुझी राखीपौर्णिमा, आणि त्याची नारळी पौर्णिमा,’ मी म्हटलं. ‘कोळ्याच्या पोरानं त्या दिवशी दर्याला नारळ द्यायचा सोडून तुझ्या स्टुडिओत यायचं होतं काय? आपल्याकडे लाइट जायच्या वारी कुणी तुझ्या बाबांना माग चालवून दाखवा म्हटलं असतं तर?’

इचलकरंजीच्या पोराला ह्याहून सोपं करून सांगता येत नाही. आमचं अख्खं गाव वीज कधी जाणार हे बघून मुंजी आणि बारशी ठरवतं. नितीनचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचं तसंच आहे, चूक कळली की आधी कानांना कळते.

शर्वरीनं तोवर कॅमेरा सुरू केला होता. म्हणाली, ‘काकू, ते अभिमानाचं वाक्य?’

‘बंद कर तो कॅमेरा,’ मी म्हटलं. ‘हा त्या पोराच्या दारात जाऊन येऊ दे. मग सांगते.’

तिनं कॅमेरा बंद केला आणि खरी अडचण सांगितली. सिनेमा अर्ध्यावर अडकला होता. फुटण्याची गोष्ट तिच्याकडे होती, पुढचं काही नव्हतं. वाशीच्या एका सभागृहात तिघांना पुन्हा एकत्र वाजवायला लावायचं तिनं ठरवलं होतं, पण हरेशनं साफ सांगितलं होतं, ‘फिल्मसाठी मी कुनाला मिठी मारनार नाय.’ नितीननं एसटीडी बूथवरून त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन करून पाहिला होता. हरेशनं नाव ऐकून रिसीव्हर ठेवून दिला होता. मला तो पोरगा न बघताच आवडला.

मोरा, पहिली खेप

दुसऱ्या दिवशी शर्वरी आणि मी, दोघीच, हरेशच्या आईला भेटायला निघालो. तिचीही मुलाखत व्हायची होती. बसनं उरण. वाटेत दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्या मिठाचे ढीग, आणि मधूनच बंदराकडे जाणारे लांबलचक ट्रेलर, एकेकाच्या पाठीवर आमच्या वाचनालयाएवढी लोखंडी पेटी. मिठाचा ढीग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे मीठ पुडीतच जन्माला येतं.

उरणहून रिक्षानं मोरा. रिक्षातून उतरण्याआधी सुकटीचा वास येतो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, अगदी आमच्या दारात सुताच्या लडी वाळतात तसे. हिराबाई, हरेशची आई, दारातच जाळ्यापाशी बसली होती. कासोटा घातलेलं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, आवाज असा की माइकची गरज नव्हती.

‘या बाय, बसा. पानी पिवा,’ ती म्हणाली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हातातलं जाळं बाजूला सारलं. ‘नितीनची आय तुमी? बरा झाला आयलाव. आदी जेवा. मंग भांडू.’

ताटात तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि तळलेली मांदेली. आम्ही मटण खाणारी माणसं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली, पण मासा आला की आमची फजिती. मी त्या बोटाएवढ्या मांदेलीचा एकेक काटा वेगळा करायला बसले. हिराबाई इतकी हसली की शेजारणी गोळा झाल्या. ‘अवो बाय, तो मासा हाय, पोथी नाय. अख्खा घाला तोंडान.’ अख्खा घातला. कुरकुरीत. त्यानंतर मी किती खाल्ली ते सांगत नाही.

हरेश जेवण होता होता आला. काळासावळा, उंच, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्या पाया पडला. म्हणाला, ‘मावशी, तुमी आलात, घर तुमचंच हाय. पन नितीनचं नाव नको.’ आणि मागच्या दारी निघून गेला. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा जास्त काहीतरी होतं, आणि ते माझ्या पोराचं कर्तृत्व होतं, ह्याची मला फार लाज वाटली.

हिराबाई मग बोलली. ‘माझा पोर तुमचे पोराचे घरा ऱ्हायलाय, जेवलाय. भाव म्हनायचा त्याला. आनी त्याचाच गाना दुसऱ्याचे तोंडान घातला. गान्याचा काय नाय वो. पुन्नीव इचारली नाय, त्याचा दुखलाय त्याला.’

‘नितीननं फोन केला होता,’ शर्वरी मध्येच म्हणाली.

‘फोनवर रुसवा निंगतं का?’ हिराबाईनं विचारलं.

आणि मला एकदम माझं लग्न आठवलं. माझ्या नणंदेचे यजमान, मानाचे जावई, पानाचं तबक उशिरा आलं म्हणून रुसून मारुतीच्या देवळात जाऊन बसले होते. त्यांना आणायला कुणा पोराला धाडलं नाही. हलगी लावली, नारळ घेतला, टॉवेल-टोपी घेतली आणि अर्धं वऱ्हाड वाजत गाजत देवळापर्यंत गेलं. रुसलेला माणूस असाच आणायचा असतो. मी हे सांगितलं, तर हिराबाईनं मांडीवर थाप मारली. ‘आमचेकरं बी तसाच! वाजवीत नेल्याबिगर उठत नाय मानूस.’

दोनच दिवसांनी हरेशच्या बहिणीची, करुणाची हळद होती. आम्ही दोघींनी तिथंच ठरवून टाकलं. हरेशला सांगायचं नाही.

भाऊचा धक्का

नितीनला घरी येऊन सांगितलं, तर तो आधी म्हणाला, ‘आई, असं नसतं गं बॅन्डमध्ये.’ मी म्हटलं, ‘मग कसं असतं? दोन वर्षं तुमच्या पद्धतीनं करून बघितलंत की.’ जोसेफ म्हणाला, ‘आन्टी बरोबर बोलते.’ झालं.

ड्रम जोसेफच्या काकाच्या माझगावच्या गोदामात धूळ खात पडले होते. माझगावपासून भाऊचा धक्का जवळ, आणि कोळ्याच्या गावाचं खरं दार धक्क्यावरच असतं, म्हणून समुद्रातून जायचं ठरलं. शर्वरीलाही ते पडद्यावर छान दिसणार होतं. मी नारळ घेतला, टॉवेल-टोपी घेतली, आणि हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो. सोबत गोल गोल पेट्यांत भरलेला अख्खा ड्रमचा संसार.

धक्क्यावर कळलं की ओहोटीमुळे मोऱ्याची लाँच दुपारपर्यंत बंद आहे. मोऱ्याला गाळ फार, पाणी उतरलं की लाँच लागत नाही. शहाण्या माणसांनी तिथं बसून चहा प्याला असता. नितीननं एक छोटी खासगी लाँच ठरवली. लाँच चालवणाऱ्याला तांडेल म्हणतात. आमचा तांडेल विडी विझवून म्हणाला, ‘रुतंल हां, साहेब.’

‘टेन्शन नको,’ नितीन म्हणाला.

मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. पण मी समुद्रात पहिल्यांदाच जात होते, वारा छान होता, जहाजं डोंगराएवढी दिसत होती, आणि मी शर्वरीला प्रत्येक जहाजाचं नाव विचारत होते. तिला एकाचंही माहीत नव्हतं.

मोऱ्याचा धक्का दिसायला लागला, घरांचे रंग दिसायला लागले, हळदीचा मांडवसुद्धा दिसला. आणि लाँचनं खालून एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि ती थांबली. तांडेलानं इंजिन पुढे केलं, मागे केलं. मागे नुसता काळा चिखल उसळला. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि विझवलेली विडी पुन्हा पेटवली. आमच्यावर ओरडलाही नाही. मला वाटतं, त्याला त्या दोन शब्दांत सगळं सांगून झालेलं होतं.

म्हणजे बघा. पुन्हा तेच. मागे पौर्णिमा विचारली नव्हती, आता ओहोटी विचारली नाही. कोळ्याचा रुसवा काढायला निघालेली माणसं, आणि कोळ्याचं पाणी कधी चढतं-उतरतं हे एकानंही बघितलं नव्हतं. त्यात मीही आले. मी नारळ, टॉवेल, टोपी एवढं सगळं आठवणीनं घेतलं होतं.

उन्हात बसून राहिलो. पाणी उतरतच होतं. आजूबाजूला चिखल वर येत होता, त्यात खेकडे पळत होते. धक्क्यावर माणसं दिसत होती, पण आमचं ओरडणं वाऱ्यानं परत आमच्याच तोंडावर येत होतं. लाँचचा भोंगा बंद होता. तांडेल ड्रमच्या पेट्यांकडे बघून म्हणाला, ‘ह्ये कशासाठी आनलंय? वाजवा की. कुनीतरी वलून बघंल.’

नितीननं पेट्या उघडल्या. लाँचच्या डेकवर जेवढे मावतील तेवढे ड्रम मांडले, जोसेफनं एक पायानं धरून ठेवला, एक मी धरला. आणि त्यानं सुरुवात केली. मी त्याला तोवर प्रत्यक्ष वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं, नुसत्या कॅसेटी ऐकल्या होत्या. त्यानं हरेशच्या त्याच गाण्याचा ठेका धरला. आणि कॅसेटवर कधी कळला नव्हता, तो ठेका मी आता लगेच ओळखला, कारण तो आमच्या घरचा होता. खटक-खट, खटक-खट. आमचा माग, पाचवासुद्धा. गाळात रुतलेल्या लाँचवर बसून माझं पोरगं भर समुद्रात आमचं घर वाजवत होतं, आणि मी हातात धरलेला ड्रम माझ्या पोटात घुमत होता. मी रडले. उन्हामुळे डोळ्यांतून पाणी आलं असं मी जोसेफला सांगितलं.

हरेशची होडी

नंतर हिराबाईनं सांगितलं ते असं. हरेश मांडवाच्या खांबाला आंब्याचे टहाळे बांधत होता. आवाज आला तसे त्याचे हात थांबले. मग म्हणाला, ‘नितीन हाय,’ आणि वल्हं घेऊन निघाला.

लहान होडी, तळ सपाट, ती उथळ पाण्यातून येते. लांबून एक उभा माणूस वल्हं टेकवत येताना दिसला आणि नितीननं वाजवणं थांबवलं. हरेशनं होडी लाँचला लावली. आधी तांडेलाकडे बघितलं, मग ड्रमकडे, मग माझ्याकडे. ‘मावशी, तुमी पन?’

मी नारळाची पिशवी नितीनकडे सरकवली. ही वेळ माझी नव्हती.

हरेश नितीनला म्हणाला, ‘ओहोटीचा टाइम कुनाला इचारला?’

‘कोणालाच नाय.’

‘पुन्नीव बी नाय इचारली. ओहोटी बी नाय.’

‘नाय विचारली,’ नितीन म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. ‘चुकलं माझं. तेव्हा पण, आता पण. गाणं तुझं होतं. तू नव्हतास तर घरी जायला पाहिजे होतं आमी.’

शर्वरीचा कॅमेरा चालू होता. हरेशच्या ते लक्षात आलं. मला वाटलं, संपलं, आता होडी परत फिरवतो हा. तो तिच्याकडे वळून म्हणाला, ‘घेतेस ना? घे. पन हा सगला ठेवायचा. गालात रुतलात तो पन. कापायचा नाय.’

‘नाही कापणार,’ शर्वरी म्हणाली.

मी नितीनच्या पाठीत बोट खुपसलं. त्यानं पिशवीतून नारळ काढून दोन्ही हातांनी हरेशपुढे धरला. हरेशनं तो घेतला, हातात तोलला, कपाळाला लावला. मग वळून पाणी होतं त्या बाजूला त्यानं तो हळूच सोडला. नारळ एकदा बुडाला, वर आला आणि उतरत्या पाण्याबरोबर चालायला लागला.

‘ह्यो मान दर्याचा,’ हरेश म्हणाला. ‘पुन्नीवेचा बाकी होता तुमचा.’

मग त्यानं हात पुढे केला, ‘टोपी तरी आनली का माझी?’ मी टोपी दिली. आमच्याकडची पांढरी टोपी, त्या लांब केसांवर बसेना. जोसेफनं ती दाबून बसवली, आणि तिघंही एकदम हसायला लागले. कुणी कुणाला मिठी मारली नाही. होडीत आधी मला घेतलं, मग ड्रम, मग माणसं. रुसलेल्याला आणायला निघालेलं वऱ्हाड रुसलेल्यानंच वल्हवत घरी नेलं. तांडेल मात्र भरतीची वाट बघत लाँचवरच थांबला, त्याला नंतर हिराबाईनं जेवणाचा डबा पाठवला.

हळद

गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन मी हळदीच्या घरात शिरले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी मांडवात शर्वरीची घाई सुरू झाली. उजेड जातोय, लवकर वाजवा. हिराबाईनं तिला खाली बसवलं. आधी धवलारीण. लग्नाची गाणी गाणारी म्हातारी बाई, तिला तिथं भटजीइतका मान. तिचं म्हणून झाल्याशिवाय कुणाचंही काही वाजत नाही. आमच्याकडे हळदीला बायका उरकायच्या मागे असतात. इथं म्हातारी एकेक ओळ सावकाश सोडत होती आणि मागे बसलेल्या बायका ती झेलत होत्या. माझा मुलगा, ड्रमच्या मागे, हातात काड्या धरून गप्प बसून ऐकत होता. ह्या वेळी त्यानं कुणाचीच वेळ मोडली नाही.

धवला संपला. म्हातारीनं हरेशकडे बघून मान हलवली. आणि भराव वाजायला लागला.

*‘इथं होती खाडी रं, इथं होता पूर,*
*आता माझे दारापासून पानी गेला दूर.’*

हे गाणं मी कॅसेटवर त्या गोड गळ्याच्या मुलाच्या आवाजात ऐकलेलं. गाणं काय आहे ते आता कळलं. हरेशचा आवाज गोड नाहीच. खरखरीत आहे, लांबून हाक मारल्यासारखा. त्या मांडवातल्या कितीतरी माणसांच्या दारापासून पाणी खरोखरच दूर गेलेलं होतं. पहिल्या कडव्याला माणसं बसूनच होती. मग मागाचा ठेका चढला, आणि आधी हिराबाई उठली, मग पोरी, मग स्वतः नवरी, हळदीनं पिवळी. आमच्या खटक-खटवर अख्खा कोळीवाडा नाचायला लागला. मला वाटत होतं, ह्यांना आत्ता इथं आणून उभं करावं आणि म्हणावं, ऐका, तुमचा पाचवा माग कुठं येऊन पोचलाय.

गाणं संपल्यावर शर्वरी माझ्याजवळ येऊन बसली, कॅमेरा मांडीवर. ‘काकू, आता तरी?’

‘वाटतो,’ मी म्हटलं. ‘फार वाटतो. चुकलं म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं त्याचा वाटतो, आणि वाजवतो त्याचा तर वाटतोच वाटतो. आणि नावाखालच्या ओळीचं विचारत होतीस ना? लिही, ताशेवाल्याची आई.’

‘ताशा नाही काकू, ड्रम आहे.’

‘ते मला ठाऊक आहे. तू लिही.’

इचलकरंजी

सिनेमाची कॅसेट परवा आली. वाचनालयाच्या टीव्हीवर लावली. अख्खी गल्ली लोटली, थोरले दीर पुढच्या खुर्चीत. त्यांना पडद्यावर येईल ते मोठ्यानं वाचायची सवय आहे. गाळ, होडी, चुकलं म्हणणं, सगळं होतं. शर्वरीनं शब्द पाळला. मग मी आले, चिखलात माखलेली, आणि दिरांनी वाचलं, ‘सुमन पाटील. ताशेवाल्याची...’ आणि तिथंच थांबले. उरलेलं मागच्या बायकांनी एका सुरात वाचलं. मग मोऱ्याचा मांडव आला, ठेका सुरू झाला, आणि भिंतीला टेकून उभे असलेले आमचे हे शेजारच्याला म्हणाले, ‘पाचवा, पाचवा. ऐक.’

संपल्यावर दीर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग उठता उठता मला म्हणाले, ‘पोरं चांगली वाजवत्यात की. यंदा गल्लीच्या गणपतीला आणूया काय तिघांस्नी? पहिल्याच दिवशी ठेवूया.’

मी म्हटलं, ‘आणा की. पण तारीख आधी हरेशला विचारा.’